राजाचे स्नान आणि राजाचे आचरण : वाकाटककालीन वऱ्हाडातील शुद्धीविचार

अचलपूरच्या नैर्ऋत्येस काही मैलांवर चम्मक हे गाव आहे. सुमारे १८६८ साली तेथील एका शेतात नांगरणी चालू असताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. इ. स. च्या पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा दानलेख वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासाचे एक प्रमुख साधन मानला जातो. अभ्यासकांनी त्याचा उपयोग मुख्यतः राजवंशाची वंशावळ आणि जुनी ग्रामनामे निश्चित करण्यासाठी केला. राजाला शुद्ध कशाने समजले जात होते आणि त्या शुद्धीचा त्याच्या आचरणाशी कोणता संबंध होता, याविषयीही हा ताम्रपट पुष्कळ सांगतो. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने विचार करावयाचा आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अशुद्ध ठरविण्यात आले, त्या समाजाने शुद्धीचा इतिहास तपासणे हे केवळ पांडित्याचे काम नाही.

ताम्रपटातील राजा

चम्मक ताम्रपटाचा आरंभ राजाच्या पूर्वजांच्या गौरवाने होतो. पहिला प्रवरसेन हा विष्णुवृद्ध गोत्राचा सम्राट. त्याने अग्निष्टोम, आप्तोर्याम, उक्थ्य, षोडशी, अतिरात्र, वाजपेय, बृहस्पतिसव, साद्यस्क्र हे यज्ञ आणि चार अश्वमेध केले, असे लेख सांगतो. त्याचा नातू पहिला रुद्रसेन हा भारशिवांचा राजा भवनाग याचा दौहित्र. या भारशिवांचे वर्णनही लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी शिवलिंग खांद्यावर वाहिले, पराक्रमाने मिळविलेल्या भागीरथीच्या जलाने त्यांचा मूर्धाभिषेक झाला आणि दहा अश्वमेधांच्या शेवटी त्यांनी अवभृथस्नान केले. अवभृथ म्हणजे यज्ञसमाप्तीचे स्नान. या वंशाचा मोठेपणा लेखकाला सर्वप्रथम पाण्यातून आणि अग्नीतून सांगावासा वाटला.

परंतु त्याच लेखात थोडे पुढे पहिल्या पृथिवीषेणाचे वर्णन येते. तेथे यज्ञांची यादी नाही. सत्य, ऋजुता, करुणा, शौर्य, नीती, विनय अशा गुणांची नावे येतात आणि त्यांत मनाच्या निर्मळतेचाही समावेश आहे. म्हणजे राजाला मोजण्याची दोन मापे एकाच ताम्रपटावर कोरलेली आहेत. एक माप स्नानाचे, दुसरे मनाचे. दुसरे माप राजदरबाराला ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. मग राज्यव्यवहारात कोणते माप चालले, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी राजाभिषेकाच्या विधीकडे वळले पाहिजे.

अभिषेकाचे पाणी

राजसूय यज्ञाचे सविस्तर विवेचन शतपथ ब्राह्मणात आहे. अभिषेकासाठी सतरा प्रकारचे पाणी गोळा करावे लागे. नदीचे, समुद्राचे, विहिरीचे, पावसाचे, दवाचे असे निरनिराळे पाणी एकत्र करून ते राजावर शिंपडले जाई. त्यानंतरच्या एका विधीत ऋत्विज राजाच्या पाठीवर काठ्यांनी हळूच मारीत. या विधीचा अर्थ ब्राह्मणग्रंथानेच दिला आहे. असे केल्याने राजा दंडाच्या पलीकडे नेला जातो, म्हणून राजा अदंड्य होय. राज्यारोहणाच्या दिवशीच त्याने अपराध करण्यापूर्वी त्याच्या शिक्षेचा हिशेब चुकता केला जाई.

याच यज्ञात जनतेला उद्देशून घोषणा होई की, हा तुमचा राजा आहे, आम्हा ब्राह्मणांचा राजा मात्र सोम आहे. सर्व प्रजा राजाचे अन्न आहे, फक्त ब्राह्मण त्यातून वगळलेला आहे, असे या घोषणेचे स्पष्टीकरणही तेथे आहे. अश्वमेधाविषयी तर वैदिक परंपरा सांगते की, त्याने ब्रह्महत्येसारखे पातकही धुतले जाते. अभिषेकानंतर राजाने वर्षभर केस कापू नयेत, पुढे अनवाणी पायाने भूमीवर उभे राहू नये, असेही नियम होते. राजाचे शरीर हा एक जपून ठेवण्याचा पवित्र पदार्थ बनला होता. त्या शरीराकडून घडणाऱ्या कृत्यांची छाननी करण्याची जागा मात्र या विधीत फारशी नव्हती.

मनुस्मृतीने हाच विचार पुढे नेला. पाचव्या अध्यायात आशौचाचे, म्हणजे सुतकाचे, नियम आहेत. आप्त मृत झाल्यास ब्राह्मणाने किती दिवस, क्षत्रियाने किती दिवस, वैश्याने आणि शूद्राने किती दिवस अशुद्ध राहावे, याची तेथे मोजणी आहे. राजाला मात्र हे आशौच लागत नाही. तो इंद्राच्या आसनावर बसलेला असतो आणि त्याचा देह आठ लोकपालांच्या अंशांनी बनलेला असतो, म्हणून त्याची शुद्धी तत्काळ होते. याचे व्यावहारिक कारणही मनूने दिले आहे. राजाला प्रजेचे रक्षण करावयाचे असते, आणि ते काम सुतकासाठी थांबवता येत नाही.

एकच कर्म, दोन फळे

मनूने दिलेले हे कारण नीट तपासले पाहिजे. लोकांचे काम सुतकापेक्षा मोठे आहे, असे येथे शास्त्रानेच मान्य केले आहे. त्याच अध्यायात कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो, असेही म्हटले आहे. कुंभाराचे मडके आणि कोष्ट्याचे वस्त्र समाजाला रोज लागते, म्हणून त्याच्या हाताची अशुद्धी मोजली जात नाही. म्हणजे शुद्धी ही निसर्गाची वस्तू नसून गरजेप्रमाणे सैल किंवा घट्ट करता येणारी व्यवस्था आहे, हे स्मृतिकाराला पुरते ठाऊक होते.

आता दहावा अध्याय पाहावा. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, ज्याला कोणी आप्त नाही असे प्रेत वाहून न्यावे, असे तेथे सांगितले आहे. बेवारस प्रेत उचलणे हे लोकरक्षणाचे काम नव्हे काय? गावात रोगराई पसरू नये म्हणून कोणीतरी ते केलेच पाहिजे. राजाच्या बाबतीत ज्या न्यायाने सुतक रद्द झाले, त्याच न्यायाने प्रेत वाहणाराही तत्काळ शुद्ध ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात त्याचे काम हेच त्याच्या कायमच्या अशुद्धीचे कारण ठरविले गेले. त्याच्यासाठी कोणतेही स्नान नेमलेले नाही. त्याला शिवणाऱ्यासाठी मात्र स्नान सांगितले आहे.

याहून बोलके उदाहरण त्याच ठिकाणी आहे. राजाने ज्यांना देहदंड दिला, त्यांचा वध चांडाळांनी राजाज्ञेप्रमाणे करावा, असा नियम आहे. वधाचा हुकूम देणारा राजा आणि तो हुकूम अमलात आणणारा चांडाळ हे एकाच कृत्याचे दोन भागीदार आहेत. हुकूम देणारा इंद्राच्या आसनावर शुद्ध बसतो, तर हुकूम पाळणारा गावकुसाबाहेर अशुद्ध राहतो. शुद्धी जर कर्मावरून ठरत असती, तर असे घडले नसते. ती आसनावरून ठरत होती. कोण कोठे बसला आहे, एवढेच पाहिले जात होते.

पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी भिक्षू भारतात आला. चांडाळांना नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याची सूचना द्यावी लागते, असे त्याने मध्यदेशाविषयी नोंदविले आहे. हा गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याचा काळ. त्याची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक घराण्यात दिलेली होती. पती दुसरा रुद्रसेन याच्या निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्राच्या नावाने राज्यकारभार पाहिला. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळाला आहे. गुप्तांच्या आणि वाकाटकांच्या राज्यांत केवळ सोयरीक नव्हती, धर्मकल्पनांचीही देवाणघेवाण होती.

चर्माङ्क गावचे दान

आता पुन्हा चम्मककडे वळू. त्या ताम्रपटान्वये प्रवरसेनाने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्माङ्क हे गाव, राजमानाने आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दान दिले. हे भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे सामान्यतः मानले जाते. दान दिलेले चर्माङ्क म्हणजेच आजचे चम्मक. हजार ब्राह्मणांपैकी एकोणपन्नासांची नावे लेखात आहेत.

या गावाला ज्या सवलती दिल्या, त्यांची यादी इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. गावाने कर द्यावयाचा नाही. राजाच्या सैनिकांनी तेथे शिरावयाचे नाही. गाई-बैल, फुले, दूध, चामडे, कोळसा, मीठ यांवरचा राजाचा हक्क सोडलेला आहे. विष्टी, म्हणजे वेठबिगार, पूर्ण माफ आहे. ज्या गोष्टी एका गावाला माफ केल्या, त्या इतर गावांकडून घेतल्या जात होत्या, असाच याचा अर्थ होतो. राजाचे माणूस गावात आले की त्याच्यासाठी दूध, बसावयास चामडे, शेकोटीला कोळसा आणि राबण्यासाठी माणसे उभी करावी लागत. यज्ञाचे तूप, दानाची भूमी आणि राजाची शुद्धी यांचा खर्च शेवटी याच गावांच्या कष्टांतून निघत होता. वेठीच्या माणसांपैकी एकाचेही नाव कोणत्याही ताम्रपटावर आलेले नाही.

परंतु या दानलेखात एक अट आहे, आणि तिच्यामुळे हा लेख इतर शेकडो दानपत्रांहून वेगळा ठरतो. दान घेणाऱ्या ब्राह्मणांनी सप्तांग राज्याविरुद्ध द्रोह करू नये. त्यांनी ब्रह्महत्या, चोरी, परस्त्रीगमन किंवा राजाला अपायकारक कृत्य करू नये. त्यांनी युद्ध करू नये आणि इतर गावांना उपद्रव देऊ नये. तोपर्यंतच चंद्रसूर्य असेपर्यंतचे हे दान टिकेल. ते याउलट वागले किंवा तशा वागण्याला त्यांनी संमती दिली, तर राजाने भूमी परत घेतल्यास ती चोरी होणार नाही.

ही अट वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. जन्माने आलेली शुद्धी राज्य चालविण्यास पुरेशी नाही, हे वाकाटक राजाला व्यवहारात कळलेले होते. हजार ब्राह्मणांतूनही चोर किंवा राजद्रोही निघू शकतो, हे त्याच्या सचिवालयाने तांब्यावर लिहून ठेवले. म्हणजे आचरणाची कसोटी माहीत होती आणि आवश्यक वाटेल तेव्हा ती लावलीही जात होती. ती फक्त राजसत्तेच्या संरक्षणासाठी लावली गेली. गावकुसाबाहेरच्या माणसाने कितीही निर्मळ आचरण केले तरी तो शुद्ध ठरेल, अशी उलट दिशेने जाणारी अट कोणत्याही राजाने कोरविली नाही.

वत्सगुल्म आणि अजिंठा

इतिहास लिहिताना एकाच बाजूचे पुरावे मांडणे योग्य नाही. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथे राज्य करीत होती. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. १९३९ साली मिळालेल्या वाशीम ताम्रपटात दुसरा विंध्यशक्ती स्वतःला धर्ममहाराज म्हणवितो. तोही ब्राह्मणांनाच दान देतो. परंतु वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखावरून देवसेनाच्या काळी, शक ३८० म्हणजे इ. स. ४५८ मध्ये, तेथे सुदर्शन नावाचा जलाशय बांधल्याचे कळते. त्याच देवसेनाचा पुत्र हरिषेण. हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले. राजे वैदिक यज्ञांचा अभिमान बाळगणारे, तरी त्यांच्याच सचिवाने सोळावे लेणे संघाला दिले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तथापि लेणे कोरण्यास अनुमती देणे वेगळे आणि बुद्धाचा राजधर्म स्वीकारणे वेगळे. संघाला विहार मिळाला, म्हणून वेठीला बोलावलेल्या माणसाची वेठ सुटली नाही. सद्धम्माची चित्रे भिंतीवर रंगविली गेली, राज्याचे विधी मात्र जुनेच राहिले.

भोजकटाची भिक्खुणी

चम्मकच्या लेखाने भोजकट हे नाव प्रसिद्ध केले, पण ते नाव त्याहून पुष्कळ जुन्या लेखात आढळते. मध्य भारतातील भरहुतच्या स्तूपावर भोजकटाच्या दिगनागा नावाच्या भिक्खुणीने दिलेल्या दानाची नोंद आहे. ती इसवी सनापूर्वीची आहे. प्रवरसेनाच्या ताम्रपटाच्या पाच-सहाशे वर्षे आधी या वऱ्हाडातील एका स्त्रीचे नाव दगडावर कोरले गेले. तिने अश्वमेध केला नव्हता. तिच्या नावापुढे गोत्र नाही, यज्ञांची मालिका नाही. गाव, नाव, भिक्खुणी हा परिचय आणि दान, एवढेच आहे.

विदर्भातच चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे मिळालेली शिळा हा फरक डोळ्यांसमोर उभा करते. तिच्यावरील जुना लेख अशोककालीन वळणाच्या ब्राह्मीत आहे आणि प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात आहे. त्याच शिळेवर पुढे वाकाटक रुद्रसेनाने आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरविला. पहिल्या लेखात सत्ता स्वतःच्या हाताला आवर घालते. दुसऱ्या लेखात ती स्वतःच्या पुण्याची नोंद करते.

तथागतांनी शुद्धीचा प्रश्न टाळला नाही, त्याची जागा बदलली. मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात सुंदरिक भारद्वाज हा ब्राह्मण बुद्धांना बाहुका नदीवर स्नानास येण्याविषयी विचारतो. दुष्ट कर्म करणाऱ्याला नदी शुद्ध करू शकत नाही, प्राणिमात्रांना अभय देणे, सत्य बोलणे आणि न दिलेले न घेणे हेच खरे स्नान, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. थेरीगाथेतील पुण्णा तर पाणी भरणारी दासी होती. थंडीत कुडकुडत नदीत बुड्या मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने पाप जात असेल, तर मग बेडूक आणि कासवे स्वर्गात का जात नाहीत? राजाच्या अभिषेकाचे पाणी ज्यांच्या डोक्यावरून येत असे, त्यांच्यातीलच एकीने हा प्रश्न विचारला आहे.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताला मोठा यज्ञ करावयाचा असतो. राज्यात लूटमार चाललेली असते. पुरोहित त्याला सांगतो की, नवा कर बसवून किंवा लुटारूंना ठार मारून हा उपद्रव थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला वेतन द्या. त्यानंतर जो यज्ञ झाला, त्यात पशू मारले गेले नाहीत, झाडे तोडली गेली नाहीत आणि सेवकांना काठीच्या भयाने रडत राबावे लागले नाही. चम्मकच्या ताम्रपटातील विष्टी या शब्दाशेजारी हे सुत्त ठेवून वाचावे, म्हणजे दोन राजधर्मांतील अंतर कळते. राजसूयात काठी राजाच्या पाठीला स्पर्श करून त्याला दंडमुक्त करते. कूटदंत सुत्तात ती काठी कामकऱ्याच्या पाठीवरून दूर होते.

पंचगंगेपासून अंबादेवीपर्यंत

आसनावर आधारलेली ही शुद्धी शेवटी राजालाही सोडीत नाही, याचे प्रमाण महाराष्ट्राच्या इतिहासात दोनदा मिळाले. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. पण त्यापूर्वी त्यांच्या क्षत्रियत्वाविषयी वाद उपस्थित झाला आणि आधी त्यांची मुंज करावी लागली. स्वपराक्रमाने राज्य उभारणाऱ्या पुरुषालाही शुद्धीचा दाखला पुरोहिताकडून घ्यावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या आपल्या ग्रंथात या प्रसंगाची चिकित्सा केली आहे. उपनयन नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो राजालाही शूद्र ठरवू शकतो, हे त्यांनी त्यातून दाखविले.

१८९९ साली कोल्हापुरात पंचगंगेच्या स्नानप्रसंगी पुरोहित राजर्षी शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघडकीस आले. त्या पुरोहिताने स्वतः स्नानही केलेले नव्हते. शूद्रासाठी मंत्र म्हणावयाचे, तर स्नानाची गरज नाही, असे त्याचे समर्थन होते. महाराजांनी या अपमानातून केवळ स्वतःसाठी वेदोक्ताचा हक्क मागून थांबणे पसंत केले नाही. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी ते उभे राहिले. राजाचे आचरण म्हणजे काय, हे त्यांच्या कृतीने सांगितले.

आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये हा प्रश्न वऱ्हाडात परत आला. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांकडे होते. त्या परिषदेच्या वेळीच त्यांचे वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. परिषदेचे काम पुढे चालले. लोकांचे काम सुतकासाठी थांबत नाही, ही सवलत मनूने राजाला दिली होती. येथे ती कोणी दिली नव्हती. जो गादीवर बसलेला नव्हता, ज्याचा अभिषेक झालेला नव्हता आणि ज्याला मनूच्या शास्त्राने देवळाबाहेर ठेवले होते, त्याने कर्तव्यबुद्धीने ते कार्य केले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.

२६ जानेवारी १९५० पासून भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. राज्यकर्ता आता अदंड्य नाही आणि त्याच्या पाठीवर काठी टेकवून त्याला कायद्यापलीकडे नेणारा विधीही उरलेला नाही. तरीही आसनावरून माणसाची शुद्धी ठरविण्याची सवय संविधानाच्या एका अनुच्छेदाने जात नाही. ती सवय केवळ इतरांत आहे, असे मानणे ही आपली फसवणूक होईल. आपल्या विहारात परित्राणाचे पाणी शिंपडून घेताना ते शीलाचे स्मरण म्हणून घेतले जाते, की अभिषेकाप्रमाणे, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. आपल्या व्यासपीठावर पुढच्या खुर्चीत बसणाऱ्याला त्याच्या आचरणावरून आपण मोजतो, की खुर्चीवरून, हेही विचारले पाहिजे. चम्मकच्या ताम्रपटावर दोन मापे कोरलेली होती आणि सत्तेने त्यांतले सोयीचे माप उचलले. भोजकटाच्या भिक्खुणीचे वारसदार म्हणून आपल्या हाती दुसरे माप आले आहे. ते आधी स्वतःस लावावे आणि मग राज्यकर्त्यास, हाच या इतिहासाचा बोध होय.